‘वायफायचा पासवर्ड काढा, रेंज वाढवा’ म्हणे! त्या फॉरवर्डला माझं उत्तर

गेल्या महिनाभरात एकच मेसेज मला चार ठिकाणांहून आला. सोसायटीच्या ग्रुपवर आला, दहावीच्या बॅचच्या ग्रुपवर आला, एका गिऱ्हाइकाने पाठवून वर "हे आमच्याकडे का नाही केलंत" असं विचारलं, आणि शेवटी गुहागरहून मेव्हण्याने पाठवला, तोही सगळं करून झाल्यावर. म्हणजे आधी केलं, मग नेट बसलं, मग मला फोन. "भावोजी, अगदी मेसेजप्रमाणे केलंय हो, तरी असं का होतंय?"

मेसेज लांबलचक आहे, हिरव्या टिका आणि बोटांच्या इमोजींनी भरलेला, अख्खा इथे टाकत नाही. सार असं की घरभर, वाडीभर वायफाय न्यायचं तर स्वस्तातले रिपीटर, म्हणजे राउटरचा सिग्नल घेऊन पुढे देणारे डबे, घ्या आणि एकापुढे एक साखळी लावा, जितके जास्त तितकी रेंज आणि तितका स्पीड. राउटरला राउटर बिनतारी जोडताना, म्हणजे डब्ल्यूडीएस वापरताना, सिक्युरिटी बंद ठेवा, फारच वाटलं तर वेप (वायफायचं सगळ्यात जुनं कुलूप) ठेवा, कारण पासवर्डमुळे स्पीड निम्मा होतो आणि हे कंपन्या सांगत नाहीत. भीती वाटत असेल तर नेटवर्कचं नाव लपवा आणि मॅक फिल्टर (मशिनांच्या पत्त्यांची यादी, तेवढ्यांनाच प्रवेश) लावा, मग कोणाचा बाप आत येणार नाही. रिपीटर जिथे रेंज नाही त्याच खोलीत लावा. सेटिंगमध्ये देश बदलून पॉवर फुल करा, अँटेनामागे चांदीचा कागद लावा. आणि तळाला नेहमीचं, एका नेटवर्क इंजिनियरने दिलेली माहिती, सर्वांपर्यंत पोहोचवा.

मी काही मोठा इंजिनियर वगैरे नाही. ठाणे-डोंबिवलीकडे दुकानं, दवाखाने, सोसायट्या यांचं नेटवर्किंग आणि सीसीटीव्ही बसवतो, पंधरा-सोळा वर्षं झाली. पण हा मेसेज वाचून हसू यायच्या ऐवजी जरा अस्वस्थ व्हायला झालं, कारण पंचाईत अशी आहे की हा सगळाच हवेतून काढलेला नाही. यातलं बरंचसं एके काळी खरं होतं, २००४-०५ च्या सुमाराच्या त्या निळ्या-काळ्या दोन अँटेनावाल्या राउटरच्या डब्यांवर. शिळं आहे, आणि शिळं अन्न फेकताना जसं "अजून चालेल की" वाटतं तसंच याचं झालंय. मेसेजच्या क्रमाने जात नाही, ज्याने जास्त नुकसान होतंय तिथून सुरुवात करतो.

पासवर्डमुळे स्पीड निम्मा होतो?

नाही. अजिबात नाही. एन्क्रिप्शन म्हणजे डेटाचं प्रत्येक पॅकेट, म्हणजे तुकडा, कुलूप लावून पाठवायचं आणि पलीकडे उघडायचं, त्याला कष्ट पडतात हे कबूल, पण ते कष्ट आता करतं कोण? वायफायच्या चिपमध्येच एईएसचं, म्हणजे आजच्या कुलपाचं, काम करणारा वेगळा भाग असतो, राउटरच्या मुख्य प्रोसेसरला त्याचा पत्ताही लागत नाही. वजन म्हणाल तर डब्ल्यूपीए२ (एईएस वापरणारी नेहमीची वायफाय सिक्युरिटी) मध्ये प्रत्येक पॅकेटला १६ बाइट जास्तीचे जोडले जातात, आठ पुढे आठ मागे. मोठं पॅकेट असतं १५०० बाइटचं, म्हणजे शंभर रुपयाला साधारण एक रुपया. याला कोणी निम्मा म्हणत असेल तर त्याच्याकडून सुट्टे घेताना मोजून घ्या.

उलट गंमत पुढेच आहे आणि ती बऱ्याच बसवणाऱ्या पोरांनाही माहीत नसते. २००९ साली ८०२.११एन हे स्टँडर्ड आलं, ज्याला आता वायफाय ४ म्हणतात, त्यात नियमच आहे की वेप किंवा टीकेआयपी हे जुने प्रकार चालू असतील तर एनचे वेग वापरायचेच नाहीत. म्हणजे तुम्ही "फास्ट चालावं" म्हणून वेप ठेवलंत की तुमचा नवाकोरा राउटर मुकाट्याने २००३ च्या जुन्या वायफायवर जातो, कागदावर ५४ एमबीपीएस आणि हातात पडतात वीस-बावीस. मेव्हण्याकडे हेच झालेलं, शंभरचा फायबर प्लॅन, वर राउटरला चिकटून उभं राहिलं तरी बावीसच्या वर काटा जाईना, आणि तो बिचारा इंटरनेटवाल्याशी भांडत होता. वेप काढून डब्ल्यूपीए२-एईएस केलं, फोनवरच, दोन मिनिटांत, तो परत त्याच जागी उभा राहिला आणि नव्वदच्या पुढे गेला. पासवर्ड काढून नाही बरं का, नीट लावून.

पूर्ण उघडं ठेवलं तर एनचा वेग मिळतो, ते खरं. पण तो डब्ल्यूपीए२ लावूनही तितकाच मिळतो, मग उघडं ठेवून कमावलं काय?

राउटरला राउटर जोडताना सिक्युरिटी बंदच ठेवावी लागते?

हा त्या मेसेजचा खरा गाभा, आणि इथेच जुनं सत्य लपलंय, म्हणून जरा सविस्तर सांगतो, कंटाळा आला तर पुढे जा.

साध्या वायफायच्या पॅकेटवर तीन पत्ते असतात. पण दोन अॅक्सेस पॉइंट (वायफाय देणारे डबे) एकमेकांना हवेतून जोडले आणि त्यांच्या मागे आणखी मशिनं असली की तीन पुरत नाहीत, मूळ पाठवणारा, शेवटी घेणारा, मधला देणारा आणि मधला घेणारा असे चार लागतात. १९९९ च्या स्टँडर्डात ही चार पत्त्यांची सोय केलेली होती, पण दोन डब्यांनी एकमेकांना ओळखायचं कसं, जोडी जमवायची कशी, किल्ली कुठली वापरायची, हे काहीच ठरवून दिलेलं नव्हतं. त्यामुळे प्रत्येक कंपनीने आपापलं डब्ल्यूडीएस केलं आणि एकीचा डबा दुसरीच्या डब्याशी बोलेल याची खात्री राहिली नाही. दोन्हीकडे चॅनेल, म्हणजे हवेतली पट्टी, एकच हवा, दोन्हीकडे एकमेकांचा मॅक अॅड्रेस हाताने टाकायचा, वगैरे कटकट.

मग २००३ मध्ये डब्ल्यूपीए आलं आणि २००४ मध्ये डब्ल्यूपीए२. यात किल्ली कायमची नसते, दर वेळी नव्याने ठरते, आणि ती ठरवताना एक जण दारावर येतो आणि दुसरा आतून त्याला तपासतो, असं नातं असतं. फोन दारावर, राउटर आत, प्रश्नच नाही. पण डब्ल्यूडीएसमध्ये दोन्ही डबे बरोबरीचे. व्याही व्याही भेटल्यासारखं, आधी नमस्कार कोणी करायचा हेच ठरेना. म्हणून बऱ्याच डब्यांत डब्ल्यूडीएस लावलं की डब्ल्यूपीएचा पर्यायच मिळायचा नाही, दोनच गोष्टी उरायच्या, वेप किंवा काहीच नाही, कारण वेपची किल्ली एकदा दोन्हीकडे टाकली की संपलं, विचारायचं कोणी कोणाला. तर "सिक्युरिटी बंद ठेवा" हा सल्ला तिथून आलाय. त्या वेळी देणाऱ्याने नाइलाज म्हणून दिला असणार, मेसेजात तो फायदा म्हणून आलाय.

पुढे यावर उपाय निघाले. एक डबा सरळ फोनसारखा ‘क्लायंट’ होतो, दारावरचा, आणि तरी पॅकेट मात्र चार पत्त्यांचं पाठवतो, त्यामुळे डब्ल्यूपीए२ व्यवस्थित चालतं, ओपनडब्ल्यूआरटी (राउटरमध्ये टाकायचं मोफत सॉफ्टवेअर) वापरणाऱ्यांना हा प्रकार माहीत असेल. २०११ मध्ये मेशचं, म्हणजे डब्यांनी आपसात विणलेल्या जाळ्याचं, स्वतःचं स्टँडर्ड आलं, ८०२.११एस, त्यात तर बरोबरीच्या दोन डब्यांनी कुलूप लावायची रीतच दिली, आणि तिच्याच जातीची रीत नंतर २०१८ च्या डब्ल्यूपीए३ मध्ये घेतली. वेगवेगळ्या कंपन्यांच्या डब्यांसाठी इझीमेश आलं तेही २०१८ चंच. थोडक्यात, आज दुकानात मिळणारा कुठलाही बरा रिपीटर किंवा मेश डबा सिक्युरिटी बंद करायला लावत नाही. लावत असेल तर तो डबा परत करा.

आणि एक समजून घ्या, वायफायचं कुलूप टप्प्याटप्प्याचं असतं. फोनपासून रिपीटरपर्यंत एक, रिपीटर ते उघडतो, मग पुढच्या टप्प्याला परत नवं लावतो. त्यामुळे तुमच्या फोनवर कुलुपाचं चिन्ह दिसतंय आणि मागे दोन डब्यांमधला हवेतला टप्पा सताड उघडा आहे, असं होऊ शकतं, तुम्हाला कळणारही नाही. साखळीतली एक कडी कच्ची असली की बाकीच्यांना कितीही पॉलिश करा.

मग वेप तरी ठेवू, काहीच नसण्यापेक्षा बरं?

वेप म्हणजे दाराला दोरी बांधणं. २००१ सालीच फ्लुरर, मँटिन आणि शमीर या तिघांनी त्यातल्या आरसी४ या कुलपाच्या गणिताच्या वापरातली खोट दाखवली. मुळात दर पॅकेटला बदलणारा जो आकडा असतो तो २४ बिटांचा, म्हणजे साधारण १ कोटी ६८ लाख वेगळे आकडे, गजबजलेल्या नेटवर्कवर तेच तेच परत यायला लागतात. २००७ मध्ये जर्मनीत डार्मश्टाटच्या विद्यापीठातल्या तिघांनी दाखवलं की १०४ बिटांची वेप किल्ली एका मिनिटाच्या आत काढता येते, ४० हजार पॅकेट मिळाली की निम्मी शक्यता. एक मिनिट. आपल्याकडे कटिंग यायलाही जास्त वेळ लागतो.

हे प्रयोगशाळेतलं वाटत असेल तर अमेरिकेतलं टीजेएक्स प्रकरण वाचा. मोठी कपड्यांच्या दुकानांची कंपनी. २००५ मध्ये मिनेसोटातल्या त्यांच्या एका दुकानाबाहेरून, वेपवर चालणाऱ्या वायफायमधून चोर आत शिरले, आणि २००७ मध्ये बाहेर आलं तेव्हा निदान ४ कोटी ५७ लाख कार्डांचे नंबर गेलेले होते. दुकानात शिरले नाहीत, शटर तोडलं नाही, बाहेर बसूनच.

"आपल्याकडे चोरण्यासारखं आहे काय" हे वाक्य मी आठवड्यातून दोनदा ऐकतो, मेसेजातही आहेच. यावर लोकांना नवी मुंबईची आठवण करून देतो, कारण विसरलेत सगळे. २६ जुलै २००८, अहमदाबादचे बॉम्बस्फोट. त्याच्या काही मिनिटं आधी टीव्ही चॅनेलवाल्यांना धमकीची मेल गेली, आयपी पत्त्यावरून माग काढत एटीएस पोहोचली ती सानपाड्याच्या एका फ्लॅटवर, तिथे राहत होता एक अमेरिकन गृहस्थ, ज्याचं वायफाय दुसऱ्याच कोणी वापरलेलं. त्यानंतरच्या मेल माटुंग्याच्या एका कॉलेजच्या आणि चेंबूरच्या एका कंपनीच्या वायफायवरून गेल्या. या लोकांकडून चोरलं काय? काहीच नाही. त्यांचं नाव वापरलं. चौकश्या, जबाब, कॉम्प्युटर जप्त, पेपरात बातम्या, हे सगळं वाट्याला आलं. त्यानंतर २००९ च्या सुरुवातीला मुंबई पोलीस उघडी वायफाय शोधत फिरणार अशा बातम्या आलेल्या, तेव्हा मी कामाला नुकता लागत होतो आणि पासवर्ड लावून देण्याचेच महिनाभर पैसे कमावले, खोटं कशाला बोलू.

प्रामाणिकपणे दुसरी बाजूही सांगतो, नाहीतर मीही त्या मेसेजसारखाच. आज बँकेची साइट, व्हॉट्सअॅप, मेल हे सगळं स्वतःचं वेगळं कुलूप लावूनच जातं, त्यामुळे उघड्या वायफायवर शेजारी बसून कोणी तुमचा बँकेचा पासवर्ड सहज वाचेल असं आता राहिलेलं नाही. पण घरातला प्रिंटर, कॅमेऱ्याचा डीव्हीआर, राउटरचं स्वतःचं लॉगिन पान, यांच्यापैकी बरीच मशिनं अजूनही बिनकुलपाची बोलतात. आणि डीव्हीआरचा पासवर्ड बसवणाऱ्याने एक दोन तीन चार पाच सहा ठेवलेला असतो हे तुम्हालाही माहितीये आणि मलाही.

नाव लपवा, मॅक फिल्टर लावा, बस?

नाव लपवलं म्हणजे राउटर स्वतःहून नाव ओरडायचं थांबवतो. पण तुमचा फोन जोडताना नाव घेतोच ना, हवेत, उघडं. वर नाव लपवलेलं असलं की फोन जिथे जाईल तिथे "अमुक आहे का, तमुक आहे का" विचारत फिरतो, म्हणजे घरातलं झाकायला जाऊन स्टेशनवर जाहीर केलं.

मॅक फिल्टरची गोष्ट तर आणखी मजेची. मॅक अॅड्रेस पॅकेटच्या वरच्या भागात असतो आणि तो भाग एन्क्रिप्शन असलं तरी उघडाच जातो, पाकिटाच्या आत चिठ्ठी बंद पण पत्ता वर लिहिलेला. ऐकणाऱ्याने एक चालू पत्ता टिपायचा आणि आपल्या लॅपटॉपला तो द्यायचा, झालं. त्यातून अँड्रॉइड १० पासून आणि आयफोनच्या आयओएस १४ पासून फोन प्रत्येक नेटवर्कला आपला बनावट मॅक सांगतात, त्यामुळे तुमच्या यादीतला पाहुण्याचा फोन फॉरमॅट मारला की यादीबाहेर जातो आणि तुम्ही रात्री अकराला मला फोन करता.

पण मेसेज लिहिणाऱ्याच्या डोक्यात आलेलंच नाही ते हे: स्वस्तातले बरेच रिपीटर मागच्या सगळ्या फोनचे पत्ते झाकून मुख्य राउटरला स्वतःचा एकच पत्ता सांगतात, कारण तीन पत्त्यांच्या पॅकेटात त्यांना दुसरं काही जमत नाही. म्हणजे राउटरवर तुम्ही मॅक फिल्टर लावलात, त्यात रिपीटरला परवानगी दिलीत, की रिपीटरला चिकटलेला कुठलाही गडी आत. पहिला सल्ला आणि तिसरा सल्ला एकमेकांच्या पायात पाय घालतायत आणि कोणाच्या लक्षात येत नाहीये.

जितके रिपीटर तितका स्पीड?

एका रेडिओचा रिपीटर एका वेळी एकच काम करतो, ऐकतो किंवा बोलतो, दोन्ही नाही. राउटरकडून पॅकेट घ्यायचं आणि त्याच चॅनेलवर परत पुढे बोलायचं. एकच वाक्य हवेत दोनदा बोललं गेलं, म्हणजे वेळ दुप्पट, स्पीड निम्मा. दोन रिपीटर साखळीत, तेच वाक्य तीनदा, म्हणजे तिसरा हिस्सा. मेव्हण्याकडे चार होते एकापुढे एक, म्हणजे जास्तीत जास्त पाचवा हिस्सा, आणि तो बावीसचा पाचवा! शेवटच्या खोलीत पाहुण्याला दोन-तीन एमबीपीएस मिळत होते यात नवल काय. (दर उडीला निम्मा-निम्मा होतो, चौथ्याला सोळावा हिस्सा, असंही काही जण सांगतात, तेही जरा वाढवून सांगितलेलं आहे. पण झाडं, भिंती, शेजारचं वायफाय धरलं तर प्रत्यक्षात माझ्या हिशोबापेक्षा खालीच येतो.)

ड्युअल बँड (२.४ आणि ५ गिगाहर्ट्झ अशा दोन पट्ट्यांचा) रिपीटर एका बँडवर घेऊन दुसऱ्यावर देतो, तिथे हे निम्म्याचं गणित टळतं. मेशच्या महागड्या सेटमध्ये आपसात बोलायला तिसरा रेडिओ राखून ठेवलेला असतो, तिथेही टळतं. पण साखळी ती साखळीच.

साखळ्या कधीच चालत नाहीत असंही नाही हं. धर्मशाळेला, हिमाचलात, २००५ च्या सुरुवातीला, म्हणजे सरकारने २.४ गिगाहर्ट्झ लायसन्समुक्त केल्या केल्या, तिबेटी संस्थांसाठी मेश उभं केलं होतं, तेच ते निळे-काळे डब्ल्यूआरटी५४जी डबे फर्मवेअर, म्हणजे आतलं सॉफ्टवेअर, बदलून डोंगरावर लावलेले, तीसेक डबे आणि सगळे एकाच चॅनेलवर. माकडं अँटेनाला लोंबकळायची. चाललं ते, कारण मुळात आत येणारं इंटरनेटच सगळं मिळून काही एमबीपीएस होतं, हवेतला स्पीड तिसरा हिस्सा झाला काय नि चौथा काय, नळालाच पाणी कमी. आता तुमच्या नळाला शंभर-दोनशेचं पाणी आहे आणि तुम्ही त्याला २००५ ची पाइपलाइन लावताय.

रेंज नसलेल्या खोलीत रिपीटर

हे म्हणजे ज्याला ऐकू येत नाही त्याला निरोप्या नेमण्यासारखं. रिपीटर सिग्नल तयार करत नाही, त्याला आलेला पुढे देतो. त्यालाच फुटकं ऐकू आलं तर तो फुटकंच सांगणार. फोनवर मात्र काड्या पूर्ण दिसतात, कारण त्या काड्या फोन ते रिपीटर एवढ्याच टप्प्याच्या असतात. "रेंज फुल आहे पण नेट नाही" ही जी तक्रार असते ना, त्यातल्या निम्म्या इथे सुटतात. अर्ध्या वाटेवर लावा, जिथे राउटरचा सिग्नल अजून धड आहे. फोनमध्ये वायफाय मोजायचं अॅप टाकून बघा, उणे सदुसष्ट डीबीएमच्या (सिग्नलचं माप, शून्याच्या जितकं जवळ तितकं बरं) आसपास किंवा त्याहून बरं असेल तिथे, उणे ऐंशीच्या खाली गेलं तर तिथे लावून उपयोग नाही.

आणि कोकणातल्या लोकांनी चिऱ्याच्या भिंती धरूनच चालायचं. दीड फुटाची चिऱ्याची भिंत, त्यात पावसाळ्यात पाणी मुरलेलं, ५ गिगाहर्ट्झ तिथे पलीकडे गेल्यासारखंच करत नाही. मुंबईच्या फ्लॅटवरचा अंदाज इथे लावू नका, आरसीसीचा कॉलम वेगळा आणि हा वेगळा.

देश बदलून पॉवर फुल, मागे चांदीचा कागद

पॉवर: गणपतीच्या मांडवातून लाऊडस्पीकरवर तुमचं नाव पुकारलं तर तुम्हाला नाक्यावर ऐकू येईल, पण तुम्ही नाक्यावरून दिलेली हाक मांडवात जाईल का? फोनचा रेडिओ राउटरपेक्षा कमजोर असतो, त्याचं उत्तर पोहोचायला हवं. शिवाय आपल्याकडे २.४ गिगाहर्ट्झवर ४ वॅटची मर्यादा आहे, ५ च्या पट्ट्याचे स्वतःचे नियम आहेत, २०१८ मध्ये ते बरेच सैल करून घराबाहेरही मोकळं केलं, मग भलत्याच देशाचं नाव टाकून आपण कुठल्या चॅनेलवर जातोय हे न बघता बोंबलायची गरज काय. शेजाऱ्याचंही बिघडतं ते वेगळंच.

चांदीचा कागद: दिशा बदलतो, ताकद वाढवत नाही. एका बाजूला वाढलं ते दुसऱ्या बाजूचं काढून घेतलेलं. राउटर बाहेरच्या भिंतीला असेल आणि रस्त्यावर वाया जाणारा सिग्नल आत वळवायचा असेल तर थोडा फरक पडतो, २०१७ मध्ये डार्टमथ कॉलेजवाल्यांनी आकार मोजून असे परावर्तक करून दाखवलेले आहेत. पण पोळ्या बांधायचा कागद चुरगळून मागे खोचला की काय होईल ते देवालाच माहीत.

मेसेजात नाहीच अशी एक गोष्ट राहिली, ती सांगतो. २०१७ मध्ये क्रॅक नावाची डब्ल्यूपीए२ मधली खोट सापडली, मॅथी व्हानहूफ या बेल्जियमच्या संशोधकाला. ती मुख्यतः क्लायंटच्या बाजूची होती, म्हणजे फोन, लॅपटॉप... आणि रिपीटर! कारण रिपीटर राउटरच्या बाजूने बघितलं तर क्लायंटच आहे, ते दारावरचं नातं आठवा. लोकांनी फोन अपडेट केले, रिपीटर मात्र सॉकेटला खोचलेला तसाच, सहा-सात वर्षं धूळ खातोय. आज घरी जाऊन त्याचं फर्मवेअर बघा, आणि त्यात डब्ल्यूपीएस पिन (पासवर्डऐवजी आकडे टाकून जोडायची सोय) चालू असेल तर बंद करा, आठ आकडी पिन दोन तुकड्यांत तपासला जातो त्यामुळे जास्तीत जास्त ११ हजार प्रयत्नांत निघतो, हे २०११ पासून जगजाहीर आहे. बटण दाबून जोडायची सोय ठेवा, पिन नको.

बाकी मेव्हण्याकडे काय केलं ते विचारतायत काही जण, म्हणून सांगतो. चारातले तीन रिपीटर काढले. माजघरातल्या राउटरपासून मागच्या पडवीपर्यंत साधी लॅन केबल नेली, छतावरून, तिथे एक अॅक्सेस पॉइंट. तांब्याची केबल शंभर मीटरपर्यंत बिनधास्त चालते, पण पाहुण्यांच्या खोल्या पोफळीच्या पलीकडे वेगळ्या इमारतीत आहेत आणि मृगाच्या विजा तिकडे कशा पडतात ते ज्याने बघितलंय तो उघड्यावरून तांबं टाकणार नाही, म्हणून तिथपर्यंत पाइपातून फायबर, दोन टोकांना कन्व्हर्टर, आणि तिकडे दुसरा अॅक्सेस पॉइंट. सगळीकडे नाव एकच, पासवर्ड एकच, डब्ल्यूपीए२-एईएस, २.४ चे चॅनेल मात्र वेगवेगळे, १, ६ आणि ११. फोन चालताना कधी कधी जुन्यालाच चिकटून राहतो, तो फोनचा हट्ट आहे, त्याला वायफाय बंद-चालू करणे हाच उपाय. उरलेला एक रिपीटर ड्युअल बँडचा होता, तो खळ्यासाठी ठेवला, लाकडी खिडकीत, अर्ध्या वाटेवर.

पाहुण्यांसाठी गेस्ट नेटवर्क वेगळं काढलं, त्यातून घरचे कॅमेरे दिसत नाहीत आणि एका पाहुण्याला दुसऱ्याचा लॅपटॉप दिसत नाही. त्याचा पासवर्ड मेव्हण्याने ओटीवरच्या फळ्यावर खडूने लिहिलाय, आजची भाजी आणि भरती-ओहोटीच्या वेळांच्या खाली, हे एवढ्या मोठ्या अक्षरात. घरचा कुठे लिहिलायस म्हटलं, तर म्हणाला, "तो तुमच्या बहिणीला... म्हणजे माझ्या ताईला दिलाय पाठ करायला." म्हणजे माझ्या बायकोला. ती ठाण्यात असते.